झोंबणं

नंदुरबारला बदली झाली,
खोली मिळाली ती मिरचीच्या पथारीला लागून.
खिडकी उघडली की चार एकर लाल.
पहिला आठवडा मी नुसती शिंकले.

नळ एकच, सामाईक.
पहाटे साडेपाचला ठगूबाई तिथं उभी,
ओल्या ब्रशवर
साबणाची चिपटी घासत.
अंगाचा साबण, गुलाबी,
नावातली सगळी अक्षरं झिजून
एक वेलांटी तेवढी उरलेली.

मी माझी ट्यूब पुढं केली.
शेजारधर्म म्हणून,
आणि किळस आली म्हणूनही, खोटं कशाला बोलू.
ती म्हणाली, "तुनी पेस्ट झोंबस, माय."

झोंबते?
दिवसाला वीस किलो मिरचीचे देठ खुडणारी,
त्याच धुळीत बसून भाकर सोडणारी,
भाकरीवर परत ठेचाच घेणारी ही बाई,
हिला पुदिना झोंबतो?

तिनं दोन बोटांनी खालचा ओठ ओढून दाखवला,
बैलबाजारात दाखवतात तसा.
हिरडीला चिरा, टाचेला असतात तशा.
"साबू नुसता कडू लागस.
कडूनं काय? कडू थुकी देता येस."
मग चूळ भरून, हसत,
"तोंडले फेस ते दुपारले येसच."

लहानपणी शिवी दिली की आई म्हणायची,
तोंडात मिरची कोंबीन.
कधी कोंबली नाही.

संक्रांतीपर्यंत माझेही ओठ फुटले.
ट्यूब उघडली तरी डोळ्यांत पाणी.
एका सकाळी कडी लावून घेतली आतून,
आणि साबण.
आधी न्हाणीची चव, मग चुन्याची,
मग चवच नाही, दातांवर जीभ फिरवली
तर नुसतं करकर, धुतलेल्या ताटासारखं.
दुपारी डब्यातल्या कळण्याच्या भाकरीला
गुलाबाचा वास.
मी कुणाला सांगितलं नाही.
ठगूबाईलाही नाही.
तिनं मात्र दुसऱ्या दिवशी नळावर
माझ्याकडं पाहून नाक उगाच वर करून हुंगलं.

फेब्रुवारीत ती आमच्या बँकेत आली,
खात्यातले सहाशे काढायला.
अंगठा लावला. यंत्र म्हणालं, पुन्हा लावा.
पदराला पुसून लावला. पुन्हा लावा.
डावा लावला.
रांगेतून कुणीतरी ओरडलं,
हात धुऊन ये आधी, साबण लावून!
ती वळून हसली.
दात लख्ख, सगळे जागच्या जागी.

मी खिडकीतून तिचा अंगठा ओढून घेतला.
गुळगुळीत. एक रेघ कुठंतरी कडेला,
वेलांटीएवढी.
ती रेघ काचेवर येईल असा तिरका धरून
दाबत राहिले, दाबत राहिले,
चौथ्यांदा का पाचव्यांदा हिरवा दिवा लागला.

पैसे मोजून तिनं पोलक्यात ठेवले.
माझी बोटं
बँक बंद होईपर्यंत झोंबत होती.