फॉलमधली वाळू

गुहागरहून येऊन अकरा दिवस झाले,
तरी साड्यांच्या फॉलमधून वाळू निघतेच आहे.
शेवंताची मोरपंखी उसवली तर चिमूटभर,
रझियाच्या ओढणीच्या गोटात थोडी,
आणि एक कण माझ्या मशीनच्या बॉबिनमध्ये.
दोरा तिथंच तुटतो.

भिशीच्या पैशातून ठरलं होतं.
आटपाडीतल्या सतराजणी, एक ट्रॅव्हलर,
ड्रायव्हर इंद्रजित, विट्याचा.
कऱ्हाडपर्यंत त्याला कुणी गाणं लावू दिलं नाही,
कारण सगळ्या एकदम बोलत होत्या.
पाटणला चहा. कुंभार्ली घाटात तिघींना उलट्या.
डाळिंबांचा क्रेट, भडंगाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी,
आणि मायाक्काच्या मांडीवर पाण्याचा कॅन:
"तिकडं गोडं पाणी मिळंल न मिळंल."
आम्ही हसलो. कोकणात पाणी नाही म्हणे!
पण रात्री तोच कॅन सगळ्यांनी रिकामा केला.

यादी वंदनाताईंकडं.
व्याडेश्वर, गोपाळगड, अंजनवेलचं दीपगृह,
वेळणेश्वर, हेदवीची घळ.
प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं,
देवाला दहा जास्त.

समुद्र दिसला तेव्हा
पहिल्यांदाच गाडीत शांत झालं.
मग शेवंता म्हणाली,
"एवढं पाणी! आन् एकाबी पंपाला लागलं न्हाई."

साड्या गुडघ्यापर्यंत खोचून आम्ही उतरलो.
लाट यायची, पायाखालची वाळू ओढून न्यायची,
आणि आम्ही एकमेकींचे दंड धरायचो,
ज्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हतो त्यांचेसुद्धा.
मायाक्का उतरली नाही.
चपला हातात घेऊन
समुद्राकडं पाठ करून उभी, सुरूच्या बनाकडं बघत.
मला वाटलं, भ्याली.

"हितं आमचा तळ हुता," ती म्हणाली.
"मी सात वर्साची.
दिवाळी करून निघायचं मेंढरामागं.
घोड्यावर भांडी, कोंबड्या, कोकरं आन् मी.
हितं पोचायला दोन म्हैनं.
ह्या लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची,
लेंडीच्या बदल्यात भात.
एकदा कळप सुटला तो थेट पाण्याकडं.
वाळू चाटायची मेंढरं. मिठासाठी.
बा कमरेएवढ्या पाण्यात शिरून हाका मारत हुता.
काळी तेवढी दिसत हुती,
पांढरी फेसात मोजता यीनात."

"मग?"

"मग काय. दोन कमी भरली."

आम्ही सात तासांत आलो होतो,
त्यातला एक तास घाटात उलट्यांसाठी.
वंदनाताई यादी हातात धरून उभ्या राहिल्या,
पुढं काय वाचावं ते न सुचल्यासारख्या.
मग इंद्रजितनं हॉर्न दिला.

हेदवीला घळीतून पाणी उसळलं, माडाएवढं.
सोळाजणी किंचाळल्या. मोबाईल भिजले.
मायाक्कानं गालावर उडालेलं पाणी
बोटानं पुसलं, जिभेला लावलं,
आणि मान हलवली.
ओळख पटल्यावर हलवतो तशी.

बावीस वर्षं ती माझ्याकडं ब्लाउज शिवते.
वहीत तिचं पान आहे: छाती, बाही, गळा, उंची.
दरवर्षी एखादा आकडा खोडून नवा.
ती चालली किती,
हे मी कधी विचारलंच नाही.

आज ती साडी न्यायला आली.
मागं तिचं पाळलेलं कोकरू.
मी आगपेटीत गोळा केलेली वाळू दाखवली,
जरा घाबरतच. हसेल असं वाटलं.
तिनं आगपेटी घेतली, तळहातावर ओतली
आणि खाली बसून कोकरापुढं धरली.
त्यानं हुंगलं. एकदा चाटलं. शिंकलं.
मग वळून
माझ्या मापाची टेप खायला लागलं.

"आटपाडीचं हाय," ती म्हणाली,
आणि बाहीचे पैसे कमी कर म्हणून
नेहमीसारखी भांडायला बसली.