पिवळा क्रिस्टल

खोक्यावर गेथिनचं अक्षर: ‘नेरिस, हात लावायचा नाही.’
मी अडतीस वर्षं ऐकलं.
मग मॅमचं घर विकलं गेलं तेव्हा
घड्याळ त्याच्याकडे गेलं, खोकं माझ्याकडे,
अबोला दोघांनी सारखा वाटून घेतला.

आत दोन बग्ग्या. त्याची निळी, माझी लाल.
टायर भेगाळलेले, स्टिकरांना पोपडे,
आणि खाणीची राखाडी भुकटी
पितळी बुशिंगांत अजून काजळासारखी.

चेस्टरचा हॉलवर्थ म्हणाला, काही करू नका.
ब्रशने धूळ झटका, काचेच्या कपाटात ठेवा,
मूळचा एक स्क्रू बदललात की किंमत निम्मी.
त्याच्या कपाटात बावीस आहेत. एकीचंही चाक
त्याने फिरवून पाहिलेलं नाही.
मी त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर
मूळचा पहिला स्क्रू काढला.
डोकं झिजलेलं होतं, ड्रिल मारावं लागलं.
बरं वाटलं.

नायलॉन म्हातारं होतं म्हणजे सुकतं.
सस्पेन्शनच्या दांड्या अंडी उकडायच्या भांड्यात
वीस मिनिटं उकळल्या. पाणी प्यायल्या.
आता वाकतात, आणि परत येतात.
वयाच्या बावन्नाव्या वर्षी हे पाहून
मी जरा वेळ ओट्याशीच उभी राहिले.

गिअरबॉक्सचं वेगळंच. डिफरन्शिअलचे दोन दात पडलेले,
बाकीचे दुधाच्या दातांसारखे भरवशाचे नव्हते.
पोलादी गिअर घातले. बुशिंगांच्या जागी
रबरी झाकणांची बॉल बेअरिंग, बारा नग.
बंपरच्या आत भाजी कापायच्या जुन्या पाटाचा तुकडा,
करवतीने, मापात न बसणारा, मग कानशीने बसवलेला.
मोटर तीच ठेवली. तिचा आवाज मला पाठ आहे.

मग रेडिओ. त्याच्या डबीत पिवळा क्रिस्टल,
माझ्या डबीतही पिवळा.
दुकानात तेवढाच रंग उरला होता, आणि मॅमचा हिशेब साधा:
दोन मुलं, दोन गाड्या, भांडण नको.
नाताळच्या दुपारी दोघांनी एकदम बटण दाबलं.
त्याच्या हातात माझी गाडी, माझ्या हातात कुणाचीच नाही,
दोन्ही आधी एकमेकींवर, मग भिंतीवर.
तेव्हापासून पाळी. एकाने चालवायची, एकाने बघायची.
पुढे आम्ही सगळंच तसं केलं.
एकाने बोलायचं, दुसऱ्याने बंद राहायचं.

नवा रिसीव्हर काड्यापेटीच्या अर्धा.
मोकळी वाट तो आपली आपण शोधतो,
कुणाच्या आड येत नाही.
इतकं सोपं होतं. म्हणजे, आता आहे.

काल तिला ढिगांखाली नेली.
ब्लायनायचा हा आख्खा डोंगर पाटीच्या दगडाचा,
कुठकुठल्या पोरांनी याच्या पाट्यांवर अक्षरं गिरवली, पुसली.
इथे मात्र कुणी काही पुसत नाही.
कपच्यांवरून ती उडाली, पोटावर आपटली, उलटली,
मी जाऊन सरळ केली, परत धावली.
निळ्या रंगावर पहिला पांढरा ओरखडा, अंगठ्याएवढा.
हॉलवर्थला कळलं तर!

व्हिडिओ गेथिनला पाठवला. सोबत एक शब्द नाही.
रात्री साडेअकराला उत्तर आलं, नऊ महिन्यांतलं पहिलं,
आणि तेही वेल्शमध्ये
(वकिलांमार्फत आम्ही इंग्रजीत भांडतो):
‘पिनियन किती दातांचा?’

मी लिहिलं, अठरा.
बराच वेळ काही नाही.
मग: ‘जास्त आहे. मोटर तापेल.’

तापते. मला माहीत होतं.
गॅसवर लाल गाडीच्या दांड्या उकळताहेत.