हातचा

कोंबडीच्या भट्टीपुढून सुटले की
रात्री अकराला मी ओविदिओच्या दुकानात जाते.
मोबाइलची कव्हरं, चार्जर, आणि कोपऱ्यात एक पाटी:
आजचा भाव.
तो बाहीनं पुसतो, लिहितो, पुन्हा पुसतो.
धुतली तरी खडू न सोडणारी त्याची बाही.
मी तेलकट नोटा मोजून देते, चाळीस सोल.
तिकडे त्या कोटींत उतरतात.
आत्ता दाब, मी म्हणते, आत्ता, बोलू नकोस.
आपण लिमात दोन शब्द बोललो
की कबीमासला एक अंडं कमी होतं.

कबीमासला बाबा.
नेरिओ मास्तर, चौथी ब, एकतीस वर्षं अंकगणित.
पेन्शनीत आता साबणाची अर्धी वडी.
पैसे पडतात ते एग्लेबाईंच्या खात्यावर,
त्या भिंतीवरून ओरडतात, आले!
मग दोघं त्यांचं कार्ड घेऊन दुकानाशी उभी.
वीज गेली की यंत्र मुकं.
वीज येते तेव्हा भाव पुढे निघून गेलेला असतो,
गाडी चुकल्यासारखा.

किती मिळाले, बाबा?
एकशे वीस.
काय एकशे वीस?
अंडी. आकड्यांशी माझं सध्या बोलणं नाही.

लहान होते तेव्हा मी विचारलं होतं,
हातचा एक ठेवायचा कुठे?
शेजारच्या घराच्या डोक्यावर, ते म्हणाले.
बारीक लिहायचा. विसरायचा नाही.
त्याच्या स्वतःच्या घरात त्याला जागा उरली नाही
म्हणून तो तिकडे गेला, एवढंच.

सरकारनं एका रात्रीत पाच शून्यं कापली
तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला, पहिल्यांदाच.
मायरेलीस, पोरांना मी त्याला पूज्य म्हणायला शिकवलं.
उजवीकडचं पूज्य पुसायचं नसतं.
आणि पुसलंच, तर
कुठे ठेवलं ते...
वीज गेली.
वाक्य तिकडेच राहिलं.

मार्चमध्ये, सलग अंधाराच्या चौथ्या दिवशी, ते गेले.
मला कळलं सातव्या दिवशी.
शवपेटीचा सकाळचा भाव दुपारी नव्हता.
ओविदिओनं कमिशन घेतलं नाही.
पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

वही आणली योएल्विसनं, आठ दिवस बस बदलत,
पोटाशी बांधून, भाकरी बांधावी तशी.
चौकटीची वही, शाळेतली.
वर अधोरेखित: देणे, मायरेलीस.
खाली तारखा आणि अंडी.
६ जुलै, १२०.
१९ जुलै, ९० (चार फुटकी निघाली, तीही धरली आहेत).
२ ऑगस्ट, ६४.
मध्येच एक ओळ:
बहुतेक एग्लेच्या नातवांनी खाल्ली, पण देणं माझं.
पानामागून पान,
ठिपक्यात ठिपका नाही, पट्टीनं मारलेल्या रेघा.
कुठेही एक बोलिव्हार नाही.

मी तापल्या पायांनी खाटेवर बसून बेरीज तपासली.
दोनदा. मग बोटांवर.
दहानं कमी भरते.
हातचा एक लिहिलाय त्यांनी,
दशकाच्या घराच्या डोक्यावर, बारीक, पेन्सिलीनं.
मिळवायचा राहिला.

एकतीस वर्षांत फळ्यावर कधी चुकले नाहीत.
हात थरथरत असेल. अंधार असेल.
मी दुसरं काही म्हणत नाही.

शुक्रवारी अकराला पाय आपोआप तिकडे वळले.
ओविदिओ चपापला. कुणाला?
एग्लेबाईंना, मी म्हटलं. दहा अंड्यांचे.
दहाच?
दहाच.
त्यानं पाटी सरळ केली, बाही तोंडाशी नेली,
ओली केली.
आत्ता दाब, मी म्हटलं.
बोलू नकोस.