चहा न घेणारी पोरं

मतदारयादी सोप्यात पसरून बसले होते,
मयतांवर लाल रेघ, सासरी गेलेल्या पोरींवर निळी,
तेवढ्यात दारात दोघे. पांढरे शर्ट, टाय, उन्हानं तांबडे कान.
छातीवर काळी पट्टी :
एल्डर पेंडल्टन. एल्डर यारलगड्डा.
एल्डर म्हणजे वडीलधारा, गुंटूरचा म्हणाला.
वय विचारलं. एकोणीस.

चहा टाकते म्हटलं तर नको.
कॉफी? तीही धर्मात बसत नाही.
आमच्या पेठेत चहा नाकारणारा
एक तर भांडायला आलेला असतो
नाही तर समोरच्या पार्टीचा.
शेवटी ताक दिलं.
पेंडल्टनच्या ओठावर पांढरी मिशी उमटली.

त्याच्या गावी म्हणे रविवारी जो प्रार्थना सांगतो
तोच मंगळवारी पाणीपट्टीच्या बैठकीत बसतो.
त्याचा बाप. बापाचा साडू शाळेच्या बोर्डावर.
मत कुणाला द्या, असं प्रार्थनेत कुणी बोलत नाही,
सक्त मनाई असते.
मग ठरतं कसं?
तो जरा वेळ चपलांच्या मांडणीकडं बघत राहिला.
"ठरलेलं असतं."

मला हसू फुटलं.
आमचे स्वामीजीही राजकारणावर चकार शब्द काढत नाहीत.
फक्त पालखीला त्यांच्या उजव्या हाताला कोण होतं,
कुणाच्या फेट्याला त्यांचा हात लागला,
कुणाचा नारळ मठाच्या पायरीवर तसाच राहिला,
एवढं तालमीच्या कट्ट्यावर
पालखीच्या आधी पोचलेलं असतं.

तीस वर्षं याद्या करतेय मी.
गल्ली धरून, घर धरून, आडनाव धरून,
आणि आडनावापुढं शिसपेन्सिलीनं
बारीकसं एक अक्षर.
त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.
माझ्या नावापुढंही आहे.

इंद्रोजीअण्णा आले तेव्हा पोरं बूट घालत होती.
अण्णांनी सवयीनं हात जोडले,
दोघांना खालून वर न्याहाळलं,
मग माझ्या कानाशी :
"किती मतं यांची?"
शून्य, अण्णा.
"आज शून्य. लिहून ठेवा तरी."

फाटकापर्यंत गेलेला यारलगड्डा
एक बूट काढून परत आत आला,
मोरीत दोन्ही पेले विसळले, पालथे घातले, गेला.

अण्णा कितीतरी वेळ त्या पेल्यांकडं बघत होते.
"पंचवीस वर्षं घरोघरी चहा पितोय," म्हणाले,
"हे कुणी सांगितलं नाही आपल्याला."