न झालेल्या प्रयोगांची नाइट

चिपळूणहून बस परतली चौथ्या दिवशी.
सेट तिकडेच, चिखलात.
परळच्या गच्चीवर वाळतायत
दोन शालू, एक वकिली कोट,
आणि दोरीवर चिमटे लावून विग.

रेगेबाईंनी डॉक्टर बोलावला.
धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना,
बसवाल्यालासुद्धा.
मग मला म्हणाल्या, वही काढा,
तीन प्रयोगांची नाइट लावा.
बाई, पडदाच उघडला नाही.
लावा म्हटलं ना.

घाडी लाइटवाला पाकीट घेईना.
पुराच्या रात्री शाळेच्या माळ्यावर
कुणाकुणाची पोरं रडत होती,
म्हणून दुसरा अंक केला आम्ही
माझ्या एका बॅटरीवर.
म्हणजे एकच झाला, बाई.
दोनांचे परत घ्या.

बाईंनी घेतले नाहीत.
मी रकाने भरले:
स्थळ, शाळेचा माळा.
विक्री निरंक.