डोळा धर

दिवे मालव, म्हणतो झ्बिनेक.
एकतीस वर्षं ओस्ट्रावाच्या खाणीत
अंधारात उतरायचा पगार घेतलेला हा माणूस
आता घरातही अंधारच मागतो,
तोही दुपारी तीनला, पडदे ओढून.

मी काळी चादर धरून त्याच्या पाठीशी उभी.
काचेत खिडकी दिसू नये, टीव्ही दिसू नये,
त्याचं टक्कल तर मुळीच दिसू नये, म्हणून.
अंत्यविधींचा काळा स्वेटर
हल्ली माशांसाठी निघतो कपाटातून.
आणि जुन्या सोबत्यांसाठी.
जानेवारीत दोनदा.

काच कालच पुसली, आतून चुंबकाने,
बाहेरून माझ्या चांगल्या रुमालाने.
पंप बंद. खाणं नंतर.
भुकेला मासा पुढे येतो, म्हणतो,
पोट भरलं की झाडामागे जाऊन बसतो.
तुझंही तेच, मी म्हणते.

भिंग काचेला टेकलेलं.
वरून एकच दिवा, पाण्यावर आडवा.
"डोळा धर. शेपटी गेली तरी चालेल,
डोळा हुकला की सगळंच हुकलं."
हे तो मला सांगतोय, की स्वतःच्या हाताला,
जो ड्रिलच्या थरथरीतून
अजून पुरता वर आलेला नाही?

मासा केवढा? माझ्या करंगळीएवढा.
निळा, त्यावर विटकरी जाळी.
आफ्रिकेतल्या कुठल्याशा डबक्यातला.
तिथं डबकं आटतं, तसं याचं आयुष्य आटतं.
इथं पाणी आटत नाही,
तरी आयुष्य तेवढंच.

क्लिक. शेपूट.
क्लिक. नुसतं शेवाळ.
क्लिक. आत्ता होता ती जागा.
माझे खांदे भरून आले, चादर जराशी खाली...
"बोझेना!"

दोनशे चौऱ्याण्णवांत एक.
डोळा लख्ख, सोनेरी कड,
बुबुळात टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका.
हेल्मेटावरच्या बत्तीसारखा दिसतोय, मी म्हटलं.
तो बोलला नाही.
फोटो मोठा केला, आणखी मोठा केला,
नुसते चौकोन उरेपर्यंत.

मार्चमध्ये मासा गेला, आठवड्याने मादीही.
त्यांचे फोटो नाही काढले.
अंडी मात्र आहेत, ओलसर पीटमध्ये,
पिशवीला गाठ, गाठीवर चिठ्ठी,
माझ्या शहाजिऱ्याच्या बरणीमागे.

ही माती म्हणजे कोळशाचं लहानपण, झ्बिनेक सांगतो.
आणखी काही लाख वर्षं दाबून ठेवली, तर...
पाच महिने, मी म्हणते.
तुझ्याच अक्षरात लिहिलंय.

आणि कपाटाचं दार लावून घेते,
फटीतून उजेड जात नाही ना, बघते.