मेन रोडवरचं पंचांग

आमच्या दुकानाचं पंचांग भिवंडीहून येतं, टेम्पोतून.
तिथी खोक्यांवर मार्करने घातलेल्या असतात.
अक्षय्य तृतीयेला रेनकोट.
श्रावणात लोकरी टोप्या:
तिकडे दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडालेला,
लोक पूर बघायला पुलावर,
आणि मी गोडाऊनच्या माळ्यावर घामाघूम
मफलरांना किमती टाचत बसलेली.

सोळा वर्षं झाली. आता माझंही असंच होतं,
संक्रांतीचे तीळ भाजताना
मनात सुती पेटीकोटांचा हिशोब चालू असतो.
पोरीला मी सगळं सेलमध्येच घेते,
पुढच्या वर्षाच्या मापाचं.
ती वाढून त्या कपड्यांपर्यंत पोचते तोवर
रंग जुना झालेला असतो.

आज एकोणतीस जानेवारी.
सकाळी खोबरेलाची बाटली गॅसजवळ धरली
तेव्हा कुठे वेणी झाली.
पारसशेठनी शटर वर केलं, हात चोळले,
म्हणाले, उन्हाळा लाव.

लावला.
काचेतल्या तिघींचे स्वेटर उतरवले.
बाही काढायची तर आधी अख्खा हात काढावा लागतो,
तो बाकावर ठेवायचा, मग पुन्हा बसवायचा.
लिंबू रंगाचे बिनबाह्यांचे कुर्ते. गळ्यात गॉगल.
मी दोन स्वेटर घातलेली, कानाला ओढणी गच्च.
काचेत दोघी शेजारी शेजारी दिसलो,
एक मे,
एक मी.

अकराला एक गृहस्थ आले.
पहाटे साडेतीनला द्वारकेवर पेपरांचे गठ्ठे उचलतात,
स्कूटरवरून पळसेपर्यंत टाकत जातात.
आजच्या गठ्ठ्यात पहिल्या पानावर थंडीचाच फोटो होता म्हणे.
स्वेटर दाखवा. जाड. चाळीस छाती.

सीझन संपला, काका.

त्यांनी दाराबाहेर बघितलं.
मग स्वतःच्या बोटांकडे, नखं जांभळट.
कुणाचा? म्हणाले.

चेष्टेने नव्हतं ते. खरंच विचारत होते.

माल होता. जिन्याखाली अकरा खोकी,
टेप मारून, चारच्या टेम्पोची वाट बघत.
मी शेठकडे पाहिलं.
शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं:
रिटर्नचं बिल झालंय.
मी म्हटलं, शरणपूर रोडला बघा, तिबेटी लोकांकडे.
तिथूनच आलो. गाठोडी बांधतायत.
एका बाईकडे दोन उरलेत, दोन्ही बाळांचे.

निघाले असं वाटलं, तर टोपल्यापाशी थांबले.
गेल्या जूनचे रेनकोट, निम्म्या भावात,
घडीवर धूळ.
एक उलगडला. पाठीमागे तळहात धरला
आणि पुढून फुंकर मारली.
पुन्हा मारली, जोरात.
वारं अडतंय, म्हणाले.

दोनशे सत्तर. पावतीवर नाव घातलं,
पुंजाराम गायधनी.
पिशवी नको, म्हणाले, घालूनच जातो.
टोपी ओढली, बटणं थेट हनुवटीपर्यंत,
आणि स्वच्छ निळ्या आभाळाखालून
रविवार कारंजाकडे गेले,
चुरचुर वाजत.
भाजीवाली वर बघू लागली, ढग कुठे आहे ते.

शेठ गल्ल्यावरून हे सगळं बघत होते.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, मागणी लवकर सुरू झाली यंदा.
लिहून ठेव,
रेनकोट, जानेवारी.

वही काढली. बॉलपेन चालेना, शाई थिजलेली.
तळहातांत धरून चोळलं जरा,
तोंडाची वाफ दिली,
आणि लिहिलं.